बुधवारचा उपास

"बाई, या महिन्याचा उपास सोडा," हेरवाडकर साहेब दारातूनच म्हणाले. "दिल्लीची मंडळी येतायत. त्यांच्यासमोर हे नको."

मी तेव्हा स्टुलावर चढून शेवटच्या पडद्यावर चादर टाकत होते. निळ्या चौकड्यांच्या सुती चादरी, माझ्याच घरच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. मी खाली उतरले आणि म्हटलं, साहेब, पाहुणे आले म्हणून कुणी एकादशी पुढे ढकलत नाही. ते कपाळाला हात लावून केबिनमध्ये गेले. साहेब कोल्हापूरकडचे, मनाने मोठे, पण दिल्लीचा विषय निघाला की त्यांचा आवाज एक पट्टी वर चढायचा.

ही गोष्ट शतक संपत आलं होतं तेव्हाची. ठाण्याच्या खाडीपलीकडे आमची कंट्रोल रूम होती. राज्यातल्या कुठल्या वीजकेंद्राने किती वीज करायची आणि ती कुणाला किती द्यायची, हे त्या खोलीतून ठरायचं. भिंतभर विजेच्या जाळ्याचा नकाशा, त्यावर एक जुना काट्याचा मीटर, आणि खाली ओळीने मांडलेले कॉम्प्युटरचे पडदे. हे कॉम्प्युटर आणि त्यांच्यातला प्रोग्राम एका परदेशी कंपनीचा होता. काम सुरेख करायचा, यात शंका नाही. पण त्याच्या पोटात काय आहे ते आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हतं. काही अडलं तर प्रश्न समुद्रापार जायचा आणि उत्तर त्यांच्या सवडीने यायचं. मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख, पण माझ्याच खोलीतल्या यंत्राचं झाकण उघडायची मला मुभा नव्हती.

म्हणून मी आणि वामन खैरनार, आम्ही दोघांनी मिळून आमचा स्वतःचा एक प्रोग्राम लिहिला होता. खैरनार मालेगावचे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार आणि तितकेच तापट. दोन साध्या कॉम्प्युटरवर आमचं हे लेकरू चालायचं. वीजकेंद्रांना फोन करून आकडे विचारायचे, ते हाताने भरायचे, की तो हिशेब करून सांगायचा कुणाची वीज वाढवा, कुणाची कमी करा. दिसायला अगदी गरीब. काळ्यावर हिरवी अक्षरं, ना चित्र ना रंग.

आणि तो गंजू नये म्हणून महिन्यातला एक बुधवार आम्ही राखून ठेवला होता. त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत कंपनीचे सगळे पडदे झाकायचे आणि राज्याची वीज आमच्या प्रोग्रामवर आणि फोनवर चालवायची. खोलीतल्या पोरांनी त्याला उपास म्हणायला सुरुवात केली. टिपणीसबाईंचा उपास. मी साबुदाण्याची खिचडी न्यायची, खैरनारांच्या घरून भगर आणि दाण्याची आमटी यायची. सगळे कुरकुरायचे. चार तास घसा कोरडा करून फोनवर ओरडायचं, ते पडद्यावर आयतं दिसत असताना. "बाईंना वाटतं उद्या कंपनी आपलं पाणी तोडेल," असं मागून कुणीतरी म्हणायचं आणि मला ते ऐकू जाईल अशाच बेताने म्हणायचं.

दिल्लीच्या समितीचा विचार उलट होता. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक कंट्रोल रूममध्ये त्याच कंपनीचा तोच प्रोग्राम बसवायचा आणि बाकीचं जे काही जुनंपानं, घरगुती असेल ते काढून टाकायचं. बहुतेक ठिकाणी काढलंही होतं. आमच्याकडून ‘जुनी व्यवस्था बंद केली’ असं लिहून द्यायचं राहिलं होतं, कारण ते मी द्यायचं होतं आणि मी देत नव्हते. समितीचे अध्यक्ष बोधनकर साहेब तेवढ्यासाठीच येत होते. माझ्या निवृत्तीला एक-दीड वर्ष उरलं होतं. लेकरू माझ्या डोळ्यांदेखत पुसलं जाणार, हे मला दिसत होतं.

बोधनकर आले ते हसतमुखाने. माणूस नागपूरचा, निम्मं आयुष्य दिल्लीत काढलेला, पण मराठी अजून तिथल्या महाल भागातली. बरोबर कंपनीचे दस्तूर म्हणून एक गृहस्थ होते, मृदू आणि टापटीप. चादरी बघून बोधनकर थबकले.

"हे काय करून ठेवलं, बाई? घरात कुणी वारलं का?"

खोली हसली. मीही हसले. मग त्यांना उपासाची हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, खिचडीही खाल्ली, आणि मग मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तसं मला समजावलं. देश मोठा, त्याचा कारभार एका हाती हवा. प्रत्येकाने आपापली चूल मांडली तर पंगत कधी बसायची? त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की दोन वाजेपर्यंत चादर निघायची नाही, त्यानंतर सहीचं बोलू.

अडचण अशी होती, की दस्तूर त्या दिवशी आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घेऊन आले होते. देशातल्या सगळ्या केंद्रांत ती एकाच वेळी, अकरा वाजता बसवायची होती आणि तो सोहळा अध्यक्षांना आमच्या खोलीतून दाखवायचा होता. हेरवाडकर साहेबांनी मधला मार्ग काढला. नाहीतरी आज मशीन मोकळंच आहे, चादरीखाली काय बदलायचं ते बदला, दोन वाजता उघडून बघू. दस्तूर म्हणाले, उत्तम. अकरा वाजता त्यांनी मागच्या खोलीत जाऊन बटणं दाबली आणि येऊन सांगितलं, की काम फत्ते, सगळीकडे एकदम झालं. बोधनकरांनी टाळी वाजवली.

आमचं काम चालूच होतं. फोन, आकडे, पुन्हा फोन. विजेच्या तारांवरूनच चालणारे आमचे स्वतःचे फोन होते ते, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. थोड्या वेळाने खैरनार माझ्याजवळ आले आणि भिंतीकडे हनुवटीने खूण केली.

भिंतीवरचा काटा खाली सरकत होता.

तो मीटर फ्रिक्वेन्सीचा. विजेच्या जाळ्याची नाडीच म्हणा. ती पन्नासावर चालायला हवी. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की ती मंदावते. अठ्ठेचाळीसच्या खाली गेली तर वीजकेंद्रांची यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक जाळ्यातून सुटतात आणि मग सगळंच कोसळतं. आमची आणि शेजारच्या राज्यांची वीज एकाच जाळ्यात, त्यामुळे ही नाडीही सगळ्यांची एकच. काटा एकोणपन्नासाच्या खाली आला होता.

आमच्या प्रोग्रामप्रमाणे आमचं घर नीट होतं. म्हणजे शेजारी काहीतरी झालं होतं. मी पलीकडच्या राज्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथे परमार म्हणून होते, वर्षानुवर्षांची फोनवरची ओळख, चेहरा कधी पाहिला नव्हता. मला ‘बेन’ म्हणायचे. मी विचारलं, तुमचं एखादं मोठं यंत्र बंद पडलंय का?

"नाही बेन. सगळं मस्त. समोर दिसतंय ना, पन्नास पूर्णांक एक."

मी दुसऱ्या राज्याला विचारलं. पन्नास पूर्णांक एक. तिसऱ्याला, चौथ्याला विचारलं. तेच. बोधनकर शेजारी उभे राहून ऐकत होते. ते पुढे झाले आणि त्यांनी सरळ मधल्या पडद्यावरची चादर ओढली.

काय सुरेख पडदा होता तो. नव्या आवृत्तीचे रंग आणखीच खुललेले, सगळ्या तारा हिरव्या, सगळी केंद्रं हिरवी आणि वर कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत पन्नास पूर्णांक एक. खोलीतली सगळी माणसं फोन धरल्या हातांनी तिकडे बघायला लागली. मी स्वतःही बघत राहिले. इतकं व्यवस्थित दिसल्यावर कुणालाही हायसं वाटलं असतं.

"बघा," बोधनकर म्हणाले. "चार राज्यं एक सांगून राहिली. तुमचा भिंतीवरचा डबा वेगळं सांगून राहिला. तो कधीचा आहे?"

मीटर माझ्या नोकरीआधीचा होता. दस्तूर हळूच म्हणाले, की इतक्या जुन्या काट्यावर विसंबणं बरं नाही. चौघे एक बोलत होते. मी एकटी दुसरं बोलत होते. काटा आणखी जरा सरकला.

मी पोफळीला फोन लावला. घाटाच्या पोटात, डोंगराखाली आमचं पाण्यावरचं वीजघर आहे. तिथे पाळीवर कदम होते.

"कदम, पडद्यावरचं नको. यंत्राच्या अंगावरचा मीटर वाचा."

"अठ्ठेचाळीस पूर्णांक सात, बाई. मीच फोन करणार होतो. यंत्राचा आवाज बसलाय."

खैरनारांनी तोवर दुसरा फोन घेऊन नाशिकला विचारलं होतं, मग भुसावळला. प्रत्येकाला एकच प्रश्न, तुमच्या यंत्रावर काय दिसतंय. अठ्ठेचाळीस सात. अठ्ठेचाळीस सात. मग मला पडद्याकडे नीट बघायचं सुचलं. त्यावरचा एकही आकडा हलत नव्हता. विजेचे आकडे कधी स्थिर नसतात, शेवटचं घर सारखं फुरफुरत असतं. हा पडदा अकरा वाजताचं चित्र धरून बसला होता. नवी आवृत्ती बसली आणि त्या क्षणी तो गोठला, आणि गोठताना कुणाला सांगितलंही नाही. चारही राज्यांत एकच प्रोग्राम, म्हणून चारही राज्यांत एकच खोटं. परमार खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे बघायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

आता पोफळीची सगळी यंत्रं पूर्ण ताकदीने चालवली तर काटा सावरला असता. पण त्या पाण्याचा वर्षाचा वाटा ठरलेला, आणि तो असा आडवेळी उधळायचा तर वरून हुकूम लागे. वर म्हणजे बोधनकर, जे माझ्यासमोर उभे होते आणि नाही म्हणून मान हलवत होते. थांबा, म्हणाले, दिल्लीला विचारतो. दिल्लीतही तोच पडदा होता.

मी हेरवाडकर साहेबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. मग माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज त्या दिवशी चढला नाही, उलट इतका खाली आला की मला वाकून ऐकावं लागलं.

"माझ्या नावावर टाका, बाई. सोडा पाणी."

मी फोनमध्ये म्हटलं, "कदम, सगळी चालवा. जेवढी आहेत तेवढी."

त्यानंतर मी परमारांना पुन्हा फोन केला. सांगितलं, पडद्यावर विश्वास ठेवू नका, माणूस पाठवून खालच्या यार्डातला मीटर वाचून घ्या. ते चिडले. मला म्हणाले, बेन, तुम्ही आज उपासाने चक्कर आल्यासारखं बोलताय. पण माणूस पाठवला. परत फोनवर आले ते खरा आकडा सांगतच. त्यांचं एक मोठं यंत्र केव्हाचं बंद पडलं होतं आणि ते आमच्याकडून आंधळेपणाने वीज ओढत होते. मग त्यांनी विचारलं, आता काय करू? खैरनारांनी आमच्या त्या गरीब प्रोग्राममध्ये त्यांच्या राज्याचे आकडे भरायला घेतले. परमार फोनवर सांगायचे, खैरनार भरायचे, मी उत्तर वाचायची. इतकं लोडशेडिंग करा, अमुक वाहिनी बंद करा. मग दुसऱ्या राज्याचं. मग तिसऱ्याचं, चौथ्याचं. ज्या पोरांनी महिनोन् महिने कुरकुर केली होती, ती पोरं त्या दिवशी चार राज्यांशी अशी बोलत होती, जणू जन्मभर हेच केलंय. कुणी कुणावर ओरडलं नाही. कुणाला आकडा दोनदा विचारावा लागला नाही.

काटा थांबला, थरथरला आणि चढायला लागला.

देशात इतरत्र त्या दिवशी काय झालं ते नंतर कळलं. दूरच्या एका भागातलं जाळं पूर्ण कोसळलं, गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, नळाचं पाणी गेलं. आमच्याकडे काही गावांची वीज दुपारी थोडा वेळ गेली, एवढंच. लोकांनी पंखा बंद पडला म्हणून आम्हांला शिव्या घातल्या असतील. मला त्या शिव्यांचा आजही अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी बोधनकरांनी मला आणि खैरनारांना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. दस्तूर आदल्या संध्याकाळीच परतले होते. सहीचा कागद बोधनकरांनी स्वतःच घडी करून खिशात टाकला. मग म्हणाले, की मी चुकलो हे मी समितीत उभं राहून सांगणार. आणि दुसरं सांगणार, ते असं, की तुमचा प्रोग्राम देशातल्या प्रत्येक केंद्रात बसवायचा. टिपणीस-खैरनार, असं नाव देऊन.

खैरनार ताठ झाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मालेगावच्या विणकराच्या पोराचं नाव देशाच्या प्रत्येक कंट्रोल रूममध्ये. हेरवाडकर साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारण्यासाठी हात उचलला आणि बाईमाणूस म्हणून परत घेतला.

मी म्हटलं, "नको, साहेब."

बोधनकरांना वाटलं मी विनय करतेय.

"नको म्हणजे?"

"काल सगळीकडे एकच होतं, म्हणून सगळीकडे एकदम चुकलं. आमचा बसवलात तर पुन्हा तेच."

"अहो, तुमचा बरोबर आहे ना."

"आमच्यातही चूक असणार. मला अजून सापडलेली नाही, इतकंच."

"कमाल करून राहिल्या तुम्ही," बोधनकर म्हणाले. "तुम्हांला डोक्यावर बसवून राहिलो तर खाली उड्या मारून राहिल्या."

मी त्यांना सुचवलं, की प्रत्येक केंद्राने आपली दोन-दोन माणसं आमच्याकडे धाडावीत. विजेचा हिशेब कसा करायचा ते आम्ही शिकवू. प्रोग्राम मात्र त्यांनी आपापल्या घरी जाऊन, आपल्या अकलेने लिहायचा. आमचा बघून उतरवायचा नाही. कंपनीचा मोठा प्रोग्राम वाटलं तर राहू दे सगळीकडे, पण त्याच्या मागे उभं राहणारं प्रत्येकाचं वेगळं असू दे. बोधनकरांनी खिशातला तोच कागद काढून त्याच्या पाठीवर ते लिहून घेतलं.

खैरनार त्यानंतर माझ्याशी बोलेनासे झाले. कामापुरतं बोलायचे, तेही ‘मॅडम’ म्हणून. बाई म्हणणं त्यांनी सोडून दिलं. मला त्यांचा राग कळत होता. नाव माझ्या एकटीचं नव्हतं आणि नकार मी एकटीने दिला होता. पोरं शिकायला आली, महिनाभर राहून गेली, त्यांना सगळ्यांत जास्त जीव तोडून कुणी शिकवलं असेल तर खैरनारांनीच. पण धडा संपला की उठून जायचे. त्यांच्या घरून भगर यायची बंद झाली.

असं वर्षाच्या वर गेलं. माझ्या निवृत्तीच्या आधीचा शेवटचा उपासाचा बुधवार होता. कोळसा भिजल्यामुळे विदर्भातली मोठी केंद्रं त्या आठवड्यात जवळजवळ बंद होती. आम्ही नेहमीप्रमाणे पडदे झाकून काम करत होतो. आमच्या प्रोग्रामप्रमाणे राज्यात वीज हवी तेवढी होती, उलट थोडी जास्तच. मी पोफळीला यंत्रं कमी करायला सांगणार, इतक्यात परमारांचा फोन आला.

"बेन, तुमची वीज कमी पडतेय. तुमचा हिशेब चुकतोय."

मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले, आम्ही त्यांच्याकडून वीज ओढतोय, असं त्यांच्या पोरांनी लिहिलेला प्रोग्राम सांगतोय. त्यांनी विचारलं, विदर्भाकडच्या तारांवरून वीज येतेय की जातेय?

आमच्या राज्यात वीज कायम पूर्वेकडून येते, चंद्रपूरच्या कोळशावरून मुंबईकडे. खैरनारांनी आणि मी प्रोग्राम लिहिला तेव्हा फोनवर फक्त आकडा विचारायचा असं ठरवलं, किती मेगावॅट, एवढंच. कुठल्या दिशेने, हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नाही. गंगा उलटी वाहते का, असं कुणी विचारतं का? त्या दिवशी ती उलटी वाहत होती. आम्ही विदर्भाला वीज पाठवत होतो आणि आमचा प्रोग्राम ती मिळाल्याचं धरत होता. परमारांच्या राज्यात वीज कधी इकडून तिकडे जाते, कधी तिकडून इकडे, म्हणून त्यांच्या पोरांनी पहिल्या दिवसापासून दिशा विचारली होती.

खैरनार माझ्यासमोर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आमचा प्रोग्राम सगळीकडे गेला असता, तर ही चूकही सगळीकडे गेली असती आणि ती सांगायला फोनच्या पलीकडे कुणी उरलं नसतं, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"बाई," ते म्हणाले, "फोन द्या, मी बोलतो."

त्यांनी फोन घेतला आणि घसा साफ केला. "परमारभाई, खैरनार बोलतोय. तुमचं बरोबर आहे, आमचं चुकलं."

हे वाक्य त्यांनी असं म्हटलं, की पलीकडच्याला वाटावं कुणीतरी बक्षीस घेतंय. यंत्रं वाढवायला सांगायला मी पोफळीचा फोन उचलला.